एसडीएल-बीजीआय: टर्बो सी चं ग्राफिक्स डॉट एच लिनक्सवर, आमच्या लॅबमधला एका वर्षाचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. टर्बो सी, म्हणजे बोरलँडचा डॉसवरचा जुना सी कंपायलर, त्याच्या जमान्यातले ग्राफिक्सचे प्रोग्राम तुमच्याकडे असतील, किंवा तुम्ही कॉलेजात कॉम्प्युटर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल घेत असाल आणि दरवर्षी डॉसबॉक्सशी (जुना डॉसवाला पीसी नकली उभा करणारा प्रोग्राम) झटापट करून कंटाळला असाल, तर एसडीएल-बीजीआय ही लायब्ररी डोळे झाकून घ्या, टर्बो सी ची चित्रं काढायची फंक्शन्स ती आजच्या सिस्टिमवर देते. फुकट आहे, सोर्स उघडा आहे, लिनक्स, विंडोज, मॅक, रास्पबेरी पाय सगळीकडे चालतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इनिटग्राफ, पुटपिक्सेल, लाइन, सर्कल ही सगळी नावं जशीच्या तशी आहेत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. तो अर्धा का कापला ते पुढे सांगते, आणि ते कारण आपल्या मराठी वाचकांना जास्त पटेल.

मी स्वतः शिकले ती टर्बो सी वरच. निळी स्क्रीन, एफ-नाइन दाबून कंपाइल, आणि ग्राफिक्सचा पहिला प्रोग्राम रन केला की हमखास येणारी ती ओळ, बीजीआय एरर, ग्राफिक्स नॉट इनिशलाइज्ड. पाथ चुकलाय एवढंच तिचं म्हणणं असायचं, पण तेव्हा पोटात गोळा यायचा. किंवा मग लिंकर बोंबलायचा की अंडरस्कोर लाइन नावाचं सिम्बॉल सापडत नाही, कारण ऑप्शन्समध्ये जाऊन लिंकर, लायब्ररीज, आणि तिथं ग्राफिक्स लायब्ररीपुढे खूण करायची राहून गेलेली. ज्यांनी ज्यांनी बीसीएस, एमसीए किंवा इंजिनिअरिंग केलंय त्यांना हे सगळं पाठ असणार. आता मी तेच प्रॅक्टिकल घेते, आणि आमच्याकडे गेल्या वर्षापर्यंत तेच चालू होतं, फक्त डॉसबॉक्सच्या आत.

डॉसबॉक्स का लागतो ते मुलं दरवर्षी विचारतात, तर ते आधी. टर्बो सी हा १६ बिटचा डॉस प्रोग्राम, त्याच्यातून बाहेर पडणारी एक्झी फाइलपण १६ बिटचीच, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये असले प्रोग्राम चालवायची सोयच नाहीये. म्हणून मग आख्खा जुना पीसी नकली उभा करायचा आणि त्याच्या पोटात टर्बो सी चालवायचा. चालतं, नाही असं नाही. पण फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवा, कोड बाहेरून कॉपी करून आत पेस्ट करता येत नाही, माउस आत अडकला की मुलं गोंधळतात, आणि पोरगं कॉलेजातून बाहेर पडून जीसीसी ह्या आजच्या कंपायलरसमोर बसलं की त्याला आयओस्ट्रीम डॉट एच हे नावच आता बाद झालंय हे पहिल्यांदा कळतं. हे मला फार खुपायचं. शिकवतो ग्राफिक्सचं गणित, ते अजिबात जुनं झालेलं नाही, ब्रेसनहॅमच्या रीतीने ठिपके निवडून रेघ आजही तशीच काढतात, पण ते ज्या भांड्यात वाढतोय ते भांडं संग्रहालयातलं.

मग लायब्ररी पोर्ट करायची, म्हणजे जुन्या सिस्टिमवरून नव्यावर आणायची, तर काय करायचं, ते समजून घेतल्याशिवाय ह्या वस्तूची किंमत कळणार नाही. मूळ बीजीआय म्हणजे बोरलँड ग्राफिक्स इंटरफेस, १९८७ च्या आसपास टर्बो पास्कल आणि टर्बो सी बरोबर आलं. त्या काळात पीसीत एकच एक ग्राफिक्स कार्ड नव्हतं, कुणाकडे सीजीए, कुणाकडे ईजीए, कुणाकडे हर्क्युलिस, नंतर व्हीजीए, प्रत्येकाची मेमरी वेगळी, रंग वेगळे. बीजीआयने काय केलं, तर प्रत्येक कार्डासाठी वेगळी ड्रायव्हर फाइल ठेवली, ईजीएव्हीजीए डॉट बीजीआय वगैरे, आणि प्रोग्राम सुरू होताना जी लागेल ती उचलायची. आपण फक्त डिटेक्ट म्हणायचं. म्हणजे ही लायब्ररी मुळातच दुभाष्याचं काम करत होती.

पण शेवटी तो दुभाषी बोलायचा थेट हार्डवेअरशी. व्हीजीएच्या ६४० बाय ४८० मोडमध्ये १६ रंग, म्हणजे पिक्सेलमागे ४ बिट, हिशोब केला तर १,५३,६०० बाइट होतात, आणि डॉसमध्ये एका सेगमेंटची मर्यादा ६४ केबी. म्हणून चित्र ४ थरांत विभागलेलं असायचं, एकेक थर ३८,४०० बाइटचा, चारही थर एकाच पत्त्यावर एकमेकांवर रचलेले, आणि कुठल्या थरात लिहायचं ते कार्डाच्या रजिस्टरला सांगायचं. पुटपिक्सेल म्हटलं की हे सगळं आत व्हायचं आणि ठिपका त्या क्षणी काचेवर दिसायचा. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कुठल्याच साध्या प्रोग्रामला स्क्रीनच्या मेमरीला असा हात लावता येत नाही. आपल्याला मिळते एक खिडकी, त्या खिडकीचं चित्र आपण आपल्या मेमरीत तयार करायचं आणि सिस्टिमला द्यायचं, मग ती सावकाश बाकीच्या खिडक्यांबरोबर जुळवून दाखवते. तर पोर्ट करणाऱ्याचं खरं काम फंक्शनची नावं पुन्हा लिहिणं एवढंच नसतं, ठिपका लगेच दिसणार ह्या जुन्या वचनाचं नव्या घरात काय करायचं ते ठरवणं, हे असतं. हे लक्षात ठेवा, पुढे गाडीच्या प्रोग्राममध्ये हेच आडवं आलं.

एसडीएल-बीजीआय लिहिलंय ग्विदो गोन्झातो ह्यांनी. त्यांनी आधी एक्स-बीजीआय नावाने युनिक्सच्या एक्स विंडोवर, म्हणजे तिथल्या खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेवर, हेच आणलं होतं, मग ते एसडीएल-२ वर हलवलं. एसडीएल म्हणजे सॅम लँटिंगा ह्यांनी १९९८ साली सुरू केलेली लायब्ररी, खिडकी, चित्र, आवाज, कीबोर्ड, माउस हे सगळं प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर एकाच पद्धतीने देते, विंडोजचे गेम लिनक्सवर नेणारी मंडळी हिच्याच जिवावर काम करत आली आहेत. निवड मला फार आवडली. बीजीआयचा दुभाषी कार्डा-कार्डांमधला होता, एसडीएल हा सिस्टिमा-सिस्टिमांमधला दुभाषी, आणि एसडीएल-बीजीआय ह्या दोघांना एकमेकांच्या डोक्यावर उभं करतं. त्यामुळे उद्या लिनक्समध्ये एक्स जाऊन त्याच्या जागी वेलँड आलं तरी बीजीआयच्या कोडला हात लावावा लागत नाही, ते एसडीएल बघून घेतं.

इन्स्टॉलेशन. लॅबमधल्या मशिनींवर आम्ही लिनक्स टाकलेलं, तिथं एसडीएल-२ चं डेव्हलपमेंट पॅकेज आधी टाकलं, मग ह्याचा सोर्स उतरवून बिल्ड केलं. ह्याच्याआधी मी अशाच कामासाठी दुसरी एक जुनी लायब्ररी आणायचा प्रयत्न केला होता, तिला जी पॅकेजेस लागतात ती नव्या लिनक्समधून कधीच काढून टाकलेली, दोन रविवार त्यात गेले आणि हाती काही आलं नाही. इथं तसं झालं नाही, अवलंबून आहे ते फक्त एसडीएलवर. प्रोग्राम कंपाइल करताना जीसीसीला शेवटी दोनच गोष्टी सांगायच्या, एसडीएल-बीजीआय लिंक कर आणि एसडीएल-२ लिंक कर, झालं.

विंडोजवर थोडं सांभाळून. तिथं एसडीएल स्वतःचं मेन पुढे करतं, म्हणून तुमचं मेन आर्गसी आणि आर्गव्हीसकट पूर्ण लिहिलेलंच पाहिजे, आणि लिंक करताना एसडीएल-टू-मेन द्यायला विसरलात तर अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन अशी एरर येते आणि मुलं म्हणतात मॅडम मी तर विनमेन लिहिलंच नाही. बरोबर आहे त्यांचं. लायब्ररींचा क्रमही पाळा, आधी मिंगडब्ल्यू-३२, मग एसडीएल-बीजीआय, मग एसडीएल-टू-मेन, शेवटी एसडीएल-२. हे मी फळ्यावर कायमचं लिहून ठेवलंय.

आता खरी परीक्षा, आमच्या जर्नलचे प्रोग्राम. पहिला घेतला डीडीए, रेघ काढायची सोपी पद्धत. वरच्या ओळीत कोनिओ डॉट एच होतं ते काढलं, आयओस्ट्रीम डॉट एच चं आयओस्ट्रीम केलं आणि खाली युजिंग नेमस्पेस एसटीडी ही ओळ घातली, व्हॉइड मेनचं इंट मेन केलं, क्लिअरस्क्रीन होतं ते काढून टाकलं. बाकी एकाही ओळीला हात लावला नाही. अगदी इनिटग्राफमधला तो सी कोलन टर्बोसी-थ्री बीजीआय हा पाथसुद्धा तसाच ठेवला, लिनक्समध्ये सी ड्राइव्ह कुठून येणार, पण ही लायब्ररी तो पाथ मुकाट्याने घेते आणि सोडून देते. रन केलं, खिडकी उघडली, रेघ आली. मी शेजारी बसलेल्या आमच्या लॅब असिस्टंट दादांकडे बघितलं, ते म्हणाले मॅडम, मग इतकी वर्षं आपण काय करत होतो. दुपारपर्यंत जर्नलमधले जवळजवळ सगळे प्रोग्राम उठून उभे राहिले.

एक गोष्ट मात्र लगेच खटकली. चित्र मधोमध येत नव्हतं, डावीकडे वर सरकलेलं. जुन्या कोडमध्ये सगळ्यांनी ३२०, २४० हा मध्य गृहीत धरलेला आणि इथं नुसतं डिटेक्ट म्हटलं की ८०० बाय ६०० ची खिडकी उघडते. त्यासाठी एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामच्या बाहेर सिस्टिममध्ये ठेवायची सेटिंग आहे, एसडीएल-बीजीआय-रेझ, त्याला व्हीजीए दिलं की ६४० बाय ४८० मिळतं. तशीच रंगांची गंमत, लायब्ररीचे डीफॉल्ट १६ रंग थोडे वेगळ्या छटेचे आहेत, अस्सल बोरलँडचे हवे असतील तर पॅलेटसाठीही असंच व्हेरिएबल आहे. मी लॅबमध्ये दोन्ही सेट करून ठेवलेत. पण मुलांना आता गेटमॅक्सएक्सने खिडकीची रुंदी विचारून मध्य काढायला लावते, ते आधीच करायला हवं होतं.

आणि आता गाडी. आपल्याकडे ग्राफिक्स शिकलेला असा कोण आहे ज्याने चालती गाडी काढली नाही. दोन चाकं, वर डबा, खिडक्या, खाली रस्ता, लूपमध्ये एक्स वाढवत न्यायचा, क्लिअर-डिव्हाइसने पुसायचं, डिलेने थोडं थांबायचं. तो प्रोग्राम लावला तर गाडी रडत रडत, लुकलुकत चालली. कारण तेच जे मघाशी म्हटलं. इनिटग्राफने उघडलं की लायब्ररी जुनं वचन पाळते, प्रत्येक रेघ काढली की लगेच खिडकी ताजी करून दाखवते, ह्याला ते स्लो मोड म्हणतात. आमच्या गाडीत एका फ्रेमला ११ वेळा काढायचं काम होतं, म्हणजे ११ वेळा सगळी खिडकी पुन्हा समोर आणायची, त्यात क्लिअर-डिव्हाइसची काळी खिडकीसुद्धा दाखवली जाते, मग लुकलुकणार नाही तर काय. ८०० बाय ६०० चं चित्र, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे १९,२०,००० बाइटचा गठ्ठा हलवायचा, कशासाठी तर चाकातल्या एका रेघेसाठी.

उपाय लायब्ररीतच आहे. एसडीएल-बीजीआय-फास्ट म्हणायचं, मग ती काहीच आपणहून दाखवत नाही, सगळं मेमरीत काढत राहते, आणि आपल्याला वाटेल तेव्हा रिफ्रेश म्हणायचं. पूर्ण गाडी काढून झाली की एकदा रिफ्रेश. काय सांगू, लोण्यासारखी गेली. डॉसमध्ये हीच गोष्ट साधायला आम्ही सेट-अ‍ॅक्टिव्ह-पेज आणि सेट-व्हिज्युअल-पेज वापरायचो, म्हणजे एका पानावर काढायचं आणि तोवर दुसरं दाखवायचं, आणि व्हीजीएच्या ६४० बाय ४८० ला एकच पान असल्याने मोड उतरवून ६४० बाय ३५० करावा लागायचा, तेव्हा कुठं दोन पानं मिळायची. पहिल्या बॅचला मी फास्ट सांगितलं आणि रिफ्रेश सांगायचं राहिलं, तर सगळ्या लॅबभर काळ्या खिडक्या आणि मॅडम गाडी दिसेचना असा एकच गलका. आता क्रम ठरलाय, की दाबायची वाट बघणाऱ्या गेटचच्या आधी रिफ्रेश. तिसरा ऑटो मोडपण आहे, त्यात लायब्ररी स्वतःच ठराविक वेळाने ताजं करते, पण शिकणाऱ्याने तो शेवटी वापरावा असं माझं मत, आधी स्वतःच्या हाताने रिफ्रेश करून बघावं म्हणजे स्क्रीन कशी चालते ते कळतं.

पण थांबा, स्लो मोडला नावं ठेवू नका. मला स्वतःला तो आधी दोष वाटला आणि महिन्याभरात माझं मत पूर्ण बदललं. ब्रेसनहॅमचं वर्तुळ शिकवताना एक अष्टमांश काढायचा आणि बाकी सात आरशातल्यासारखे उमटवायचे असतात. ते फळ्यावर कितीही समजावलं तरी अर्ध्या वर्गाच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. स्लो मोडमध्ये, मध्ये बारीकसा डिले टाकून तोच प्रोग्राम लावला, तर आठ ठिकाणी एकदम एकेक ठिपका उगवत जातो आणि आठ कंस वाढत वाढत एकमेकांना भेटतात. मागच्या बाकावरचा एक मुलगा, कधी तोंड उघडत नाही, तो उठून पुढे आला आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला मॅडम, ४५ अंशाला थांबलं. हे आधुनिक बहुतेक लायब्रऱ्यांत दिसत नाही, तिथं सगळं एकदम तयार होऊन समोर येतं. ठिपका दिसण्याचं ते जुनं वचन पोर्ट करणाऱ्याने टाकून दिलं असतं तर वेगाच्या दृष्टीने कुणी त्याला दोष दिला नसता, त्याने ते ठेवलं आणि बाजूला दुसरी वाटही दिली, ह्यासाठी मी त्या माणसाला मनापासून मानते.

पोर्ट केल्यावर काही गोष्टी आपोआप सुधारल्या तेही सांगायला हवं. लंबवर्तुळाचा मिडपॉइंट अल्गोरिदम. टर्बो सी मध्ये इंट २ बाइटचा, ३२,७६७ च्या पुढे गेला की उलटा फिरून ऋण होतो. आता आडवी त्रिज्या २०० आणि उभी १५० घेतली तर १५० चा वर्ग २२,५००, त्याची दुप्पट ४५,०००, संपलं, पहिल्याच पायरीला संख्या फुटली. त्यामुळे लहान लंबवर्तुळ छान यायचं आणि मोठं घेतलं की वेडंवाकडं, आणि मुलं लाँग न लिहिता त्रिज्याच कमी करून जर्नल सही करून घ्यायची. जीसीसीत इंट ४ बाइटचा, तोच कोड, तीच त्रिज्या, अंड्यासारखं गुळगुळीत लंबवर्तुळ. मी मुद्दाम दोन्हीकडचे आउटपुट शेजारी शेजारी लावून दाखवते, ओव्हरफ्लो म्हणजे काय ते ह्याच्याइतकं स्पष्ट मला कशातूनच शिकवता आलेलं नाही. बाउंड्री फिलचंही, म्हणजे आकृतीचं आतलं रंगवण्याचंही, तसंच. स्वतःलाच चारही बाजूंना बोलावणारं रिकर्सिव्ह फंक्शन, प्रत्येक बोलावणं लक्षात ठेवायची जागा म्हणजे स्टॅक, टर्बो सी मध्ये तो डीफॉल्ट ४,०९६ बाइटचा, मध्यम आकाराचं वर्तुळ भरायला घेतलं की प्रोग्राम जागीच गोठायचा. लिनक्समध्ये स्टॅक सहसा ८ एमबी असतो, आरामात भरतं. खिडकीएवढं क्षेत्र भरायचं म्हटलं तर इथंही फुटू शकतं, तेव्हा स्वतःचा स्टॅक ठेवून लिहायला शिकवायची संधी साधून घ्या.

माउसवाले प्रोग्राम मात्र तसेच्या तसे येणार नाहीत. जुन्या कोडमध्ये युनियन रेग्ज, इंट-८६, इंटरप्ट ३३ हेक्स, हे सगळं थेट डॉसच्या माउस ड्रायव्हरशी बोलणं होतं, तो ड्रायव्हरच आता नाही. इथं माउसएक्स, माउसवाय, माउसक्लिक अशी साधी फंक्शन्स आहेत, वीस ओळींच्या जागी तीन ओळी होतात. गेटइमेज, पुटइमेज चालतं, फक्त ज्यांनी इमेजचा आकार हाताने मोजून लिहिलाय त्यांनी तो इमेजसाइझने विचारून घ्यावा, कारण इथं पिक्सेलला ४ बाइट लागतात, अर्ध्या बाइटचे दिवस गेले. शिवाय १६ रंगांच्या पलीकडे हवे ते लाल-हिरवा-निळा मिसळून रंग करता येतात, एकाच वेळी अनेक खिडक्या उघडता येतात, पायथनमधूनही वापरता येतं. हे मी फारसं वापरलं नाही म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

दुसरे पर्याय बघितले का, तर हो. विनबीजीआयएम बऱ्याच जणांना माहीत असेल, कोडब्लॉक्स किंवा डेव्ह-सी++ बरोबर लोक वापरतात, कोलोरॅडो विद्यापीठातल्या मायकेल मेन ह्यांनी वाढवलेलं. चांगलं आहे, माउसची नि खिडकीची बरीच फंक्शन्स मुळात त्यातलीच, एसडीएल-बीजीआयने तीही नावं पाळली आहेत. पण ते फक्त विंडोजचं, विंडोजच्याच चित्रकलेवर उभं, आमच्या लिनक्स लॅबला त्याचा उपयोग नाही. घरी विंडोज आणि कॉलेजात लिनक्स अशी निम्म्या मुलांची स्थिती, त्यांना एकच कोड दोन्हीकडे चालणं फार मोठी गोष्ट आहे. डॉसबॉक्सबद्दल बोलले मघाशी. ज्यांना तेव्हाचा गेम तेव्हासारखा खेळायचाय त्यांच्यासाठी तो उत्तमच आहे, शिकवण्यासाठी मी आता त्याकडे परत जाणार नाही. आणि कुणी म्हणेल की सरळ ओपनजीएल नाहीतर व्हल्कन असं आजचं ग्राफिक्स शिकवा, तर शिकवू ना, पुढच्या सेमिस्टरला शिकवू. पण व्हल्कनमध्ये पहिला त्रिकोण स्क्रीनवर यायला शेकडो ओळी लागतात, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ठिपका म्हणजे काय, तो कुठं ठेवायचा, दोन ठिपक्यांच्या मधले ठिपके कसे निवडायचे हे कळायच्या आधी त्या शेकडो ओळी त्याच्यापुढे ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

आता तो कापलेला अर्धा गुण. आउटटेक्स्टएक्सवाय हे फंक्शन, चित्रावर अक्षरं लिहायचं. ट्रिप्लेक्स, सॅन्स सेरिफ, गॉथिक, जुने सगळे फॉन्ट हजर आहेत, आकार बदला, उभं लिहा, सगळं होतं. देवनागरी नाही. बीजीआयची फॉन्टची कल्पनाच एका बाइटला एक अक्षर अशी, त्यात जोडाक्षर, वेलांटी मागे जाणं, हे बसतच नाही, आणि पोर्टने मूळ कल्पना पाळलीय म्हणून ती मर्यादाही बरोबर आली. तांत्रिकदृष्ट्या वाट आहे, एसडीएलचीच एसडीएल-टीटीएफ नावाची बहीण लायब्ररी अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझच्या मदतीने देवनागरी नीट जुळवू शकते, पण ती जोडणं म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना वेगळाच धडा. आलेखावर पाऊस, महिना, तालुका असं मराठीत लिहायचं तर आज इथं सरळ मार्ग नाही, आणि ह्याची मला खरंच खंत आहे. बाकी तक्रारी किरकोळ, तिरक्या रेघांना पायऱ्या दिसतात, कडा मऊ करायची सोय शोधू नका, आणि मदतीची पानं सगळी इंग्रजीत आहेत, पण फंक्शनगणिक नीट लिहिलेली आहेत, सोबत मँडेलब्रॉटसारखे डेमोही येतात.

एसडीएल-३ जानेवारी २०२५ मध्ये स्थिर झाली, मग एसडीएल-२ वर उभी असलेली ही लायब्ररी किती दिवस टिकणार असं एका सहकाऱ्याने विचारलं. त्याची काळजी मला नाही, एसडीएलवाल्यांनी जुने प्रोग्राम नव्यावर चालावेत म्हणून एसडीएल-२ कॉम्पॅट नावाचा थर दिलेला आहे.

ब्राउझरचं राहिलं. एमस्क्रिप्टेन हा कंपायलर वापरून हाच सी चा कोड ब्राउझरला चालवता येणाऱ्या वेबअसेम्ब्लीमध्ये बदलता येतो आणि मग प्रोग्राम वेबपेजमध्ये चालतो. इथं एक अडचण समजून घ्या, आपल्या प्रोग्राममध्ये की दाबेपर्यंत फिरत राहा असा लूप असतो, आणि ब्राउझरमध्ये असं फिरत बसलं की आख्खं पान गोठतं, कारण ब्राउझरला मध्येमध्ये हातात काम परत लागतं. एमस्क्रिप्टेनला असिन्सिफाय हा पर्याय दिला की तो कोडला मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय करतो, मग जुना लूप न मोडता चालतो. फाइल थोडी मोठी होते, चालतंय. लॅपटॉप नसलेली मुलं आमच्याकडे खूप आहेत, त्यांना आपला प्रोग्राम घरी मोबाइलवर उघडून दाखवता येतो हे मी ह्या लायब्ररीच्या जमेच्या बाजूला सगळ्यात वर लिहीन.

देवनागरी येत नाही म्हटल्यावर आमच्या एका मुलीने काय केलं ते सांगते. तिला तिच्या गाडीच्या प्रोग्राममध्ये, मागे पाटी असते ना, तिथं आईचं नाव टाकायचं होतं, कमल. फॉन्ट नाही तर मी काढते म्हणाली. वहीत चौकटी आखून तिने क बसवला, उभा दंड म्हणजे एक लाइन, डावीकडचं पोट म्हणजे एक आर्क, उजवीकडचं वळण म्हणजे दुसरी आर्क, सेट-लाइन-स्टाइलने जाडी वाढवलेली. आर्कचे कोन तीन वाजल्याच्या काट्यापासून सुरू होतात आणि घड्याळाच्या उलट मोजायचे, ते पहिल्यांदा उलटे झाले आणि पोट उजवीकडे गेलं, मग तिने पेन्सिल फिरवून फिरवून कोन पुन्हा मोजले. म ला लाइनच लाइन, ल ला दोन आर्क. तिने स्लो मोड ठेवला होता आणि प्रत्येक भागानंतर डिले. मी म्हटलं अगं, शिरोरेघ आधी का नाही काढलीस, सोपं गेलं असतं, वरची रेघ पक्की झाली की खाली अक्षरं टांगायची. ती म्हणाली, नाही मॅडम, आई आधी अक्षरं काढते, रेघ शेवटी. रन केलं तेव्हा क, म, ल एकेक करून उमटले, थोडं थांबलं, आणि मग डावीकडून उजवीकडे एकच रेघ तिन्हींच्या डोक्यावरून गेली.